तानीचं पान

वेलचेरी, चेन्नई
९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप आईंना,
स्वरदाचा सा. न. वि. वि.

तुमचं सुखरूप पोचल्याचं पत्र काल मिळालं. मंदार म्हणाला, फोनवर सगळं बोलून झालंय, मग परत पत्र कशाला. त्याला काय कळणार. फोनवर तो ओरडतो, त्यातलं अर्धं तुम्हाला ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुमच्या कराडच्या शेजाऱ्यांना. तुमची सगळी नोकरी पोस्टात गेली, तेव्हा तुमच्याशी बोलायचं तर टपालानंच, हे मला आता पटलं आहे. सासूला पत्र लिहिणारी आमच्या ऑफिसात मी एकटीच असेन.

इथे सगळे बरे आहेत, एक सोडून. ती म्हणजे तुमची तानी. ऑक्टोबरात गल्लीत पाणी भरलं तेव्हा जिन्याखाली येऊन बसली ती काळी कुत्री. तुम्ही तिला नाव दिलंत आणि मी तीन महिने तिला नावं ठेवली. तुम्ही गेल्यापासून ती नीट खात नाही. तळमजल्यावरचे जयतीर्थराव तिला सकाळी दहीभात घालतात. दोन घास खाते आणि तोंड फिरवते. वॉचमनच्या इडलीकडे तर बघतही नाही. पोट जमिनीला टेकायला आलंय आणि वर बरगड्या दिसतात. मी घरून काम करते त्या दिवशी दुपारी ती पहिल्या मजल्यावर आपल्या दाराशी येऊन बसते. मी बिस्किटं टाकली तर हुंगून माझ्याकडे बघते, जणू मीच काहीतरी लपवून ठेवलंय.

आई, तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी बोलून गेले, की जिन्यात कुत्र्यांची पंगत नको, लोक आम्हाला बोलतात. तुम्ही गुपचूप बॅग भरत राहिलात. ते मला अजून टोचतंय. मला खरंच वाईट वाटतं.

एका गोष्टीचं मात्र समाधान आहे. रात्री तुम्ही मऊ भातच मागायचात, तेव्हा मी मनातून खट्टू व्हायचे, की माझा स्वयंपाक यांना रुचत नाही. पण मी दुपारसाठी झाकून ठेवलेलं तुमचं ताट रोज लख्ख असायचं. ऑफिसातून आल्यावर मी पर्स ठेवायच्या आधी ते बघायचे.

तेव्हा तानीला तुम्ही काय घालत होतात, ते सविस्तर लिहा. तिची वेळ जवळ आली आहे असं जयतीर्थराव म्हणतात आणि मला काळजी वाटते. हसू नका.

कळावे. लोभ आहेच, राग असला तर तोही कळवावा.

आपली,
स्वरदा

*

कराड
१४ जानेवारी, संक्रांत

चि. सौ. स्वरदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग कसला, वेडी आहेस. तुमच्या जिन्यात मी पाहुणी होते, आणि पाहुणीनं आणखी एक पाहुणी आणून बसवली, म्हणजे घरच्या बाईनं बोलायला नको का? मी बॅग भरत होते कारण मला बॅग भरायची होती. तू त्यावर इतके दिवस विचार करत बसलीस, हे मात्र मला आवडलं. माझा इतका विचार मंदारनं कधी केला नाही.

तीळगूळ सोबत पाठवते आहे. लाडू वळताना क्षमा आली होती, माझी भाची. निम्मे तिनं वळले, म्हणून निम्मे लहानमोठे आहेत. तिची शाळा, तिची परीक्षेची ड्यूटी, सगळं जोरात चालू आहे. माझंही ठीक आहे. हल्ली पातळसर खाल्लं की बरं वाटतं, वयाचा भाग.

तानीला मी दूध-भाकरी घालत असे. ज्वारीची ताजी भाकरी कोमट दुधात कुस्करायची, दुसरं काही नाही. पीठ मी इथूनच नेलं होतं. तू म्हणशील एवढा खटाटोप कोण करणार, पण पोटुशी आहे बिचारी, पंधरा दिवसांचा प्रश्न. तिला जवळ बसून खायला घाल. कुणी जवळ बसलं की ती शांतपणे खाते.

मंदारला सांग, चेन्नईत थंडी नाही म्हणून स्वेटर देऊन टाकू नकोस, तो मी विणलेला आहे.

कळावे. जसा आहे तसा लोभ असू दे, त्यात माझं भागतं.

तुझी,
आई

*

वेलचेरी
२० जानेवारी

तीर्थस्वरूप आईंना,
सा. न. वि. वि.

तुमची भाकरी मला चांगलीच भोवली. पोंगलच्या सुट्टीत निम्मी दुकानं बंद. एक उघडं होतं, त्याला ज्वारी म्हणजे काय ते कळेना. मी हातानं दाणा केवढा ते दाखवलं, तर त्यानं बाजरी दिली. शेवटी जयतीर्थरावांनी चोळम मावु असं कागदावर तमिळमध्ये लिहून दिलं, तेव्हा पीठ मिळालं. मग थापणं. पहिल्या दोन भाकऱ्या परातीतून तव्यावर जाईपर्यंत तुकडे झाल्या. तिसरी गेली, पण सोबत माझी दोन बोटंही तव्याला लागली. मंदार दारात उभा राहून हसत होता. मी त्याला म्हटलं, तूच थाप. मग तो बर्फ आणायला गेला.

एवढं करून तानीनं तोंड लावलं नाही. मी जवळ बसले, दूध कोमट केलं, गार केलं, गूळ घातला. तीन दिवस रोज ताजी भाकरी केली. ती हुंगते, माझ्या हाताला चाटते आणि पुन्हा दारापलीकडे स्वयंपाकघराच्या दिशेनं बघत बसते. उकडलेल्या अंड्यातला बलक तेवढा काल खाल्ला.

शनिवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी पोट चाचपून सांगितलं, पिल्लं चार-पाच असावीत, दहा-बारा दिवस आहेत. पण हिच्या अंगात ताकद नाही. अशीच राहिली तर वेणा सोसणार नाहीत, आणि सुटली तरी दूध येणार नाही. पिल्लं जातील, कदाचित तीही. मी विचारलं काय देऊ, तर म्हणाल्या, आता नवीन काही शिकवू नका, तिला जे लागलं आहे तेच द्या, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा.

तेच तर मी देते आहे. मग चुकतंय कुठे? पीठ वेगळं आहे का? तुम्ही मीठ घालत होतात का? तुमच्या पिठाचा डबा मला घरात कधी दिसला नाही, नाहीतर त्यातलंच उरलेलं वापरलं असतं. आई, जरा नीट आठवून लिहा. ज्या कुत्रीला मी हाकलत होते ती माझ्या दारात उपाशी बसली आहे आणि मला घास जात नाही. ऑफिसात बसून मी जयतीर्थरावांना फोन करते, खाल्लं का विचारायला.

बाकी ठीक. कळावे, लोभ ठेवा आणि उत्तर लगेच टाका.

आपली,
स्वरदा

*

कराड
२३ जानेवारी

चि. सौ. स्वरदा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ता अकराला मिळालं. पोस्टात जाऊन तिथेच बाकावर बसून लिहिते आहे, म्हणजे दुपारच्या डाकेत जाईल.

भाकरी करू नकोस. तुम्ही जेवता तेच तिला घाल. आमटी-भात, पोळी, जी भाजी असेल ती, पोळीला तूप लाव. आमटी तुझ्या नेहमीच्या गोड्या मसाल्याची. सगळं एका ताटात, आणि ताट मागच्या पायरीवर ठेव, दारात नको.

मी एखाददुसऱ्या वेळी उरलेलं दिलं होतं, ते तिला आवडलं असेल. खाल्लं की कळव.

बोटांना तूप लावलंस का?

लोभ असू दे.

तुझी,
आई

*

वेलचेरी
२८ जानेवारी

तीर्थस्वरूप आईंना,
सा. न. वि. वि.

तानी जेवली. तुमचं पत्र काल दुपारी हातात पडलं. घरात वरण नव्हतं, मी तशीच कुकर लावला. तीन आठवड्यांनंतर ती पोटभर जेवली. आधी आमटी-भात, मग भाजी, तुपाची पोळी शेवटाला. लिंबाचं लोणचं चुकून ताटात गेलं होतं, तेवढं तिनं नाकानं बाजूला सारलं. मग पायरीवरच आडवी झाली आणि झोपली. मी शेजारी बसून रडले. जयतीर्थराव बाहेर आले आणि परत आत गेले.

आज सकाळी पुन्हा थोडं, दुपारी थोडं. डोळ्यात चमक आली आहे.

आता दुसरं. आई, ही वेलचेरीच्या गल्लीतली कुत्री, हिचं आयुष्य इडलीवर गेलेलं. हिला गोड्या मसाल्याची आमटी कळते. तूपपोळी शेवटाला खायची हे कळतं. ही सवय एखाददुसऱ्या वेळच्या उरलेल्यानं लागत नाही. ती रोज दाराशी येऊन काय मागत होती, ते मला काल कळलं. आणि कळल्यावर पहिला आला तो राग. पहाटे पाचला उठून मी ते ताट करत होते. ते कुत्रीला जात होतं आणि मी संध्याकाळी रिकामं ताट बघून खूश होत होते. माझ्या हाताला चव नाही, तर तसं तोंडावर सांगायचं होतं. असं सगळं रात्री मंदारच्या अंगावर ओरडून झालं. त्याला काही कळलं नाही, पण तो ऐकून घेतो.

सकाळी मी जयतीर्थरावांना विचारलं. ते त्यांच्या त्या जुन्या तंजावरी मराठीत, मध्ये तमिळ घालत, अगदी सहज म्हणाले, की तुमच्या सासूबाई रोज दुपारी भरलं ताट घेऊन खाली येत, सगळं कुत्रीला घालत, आणि वर जाऊन पेलाभर मोरु पीत. मोरु म्हणजे ताक. मी म्हटलं, मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, त्यांना वाटलं आईंचं काही व्रत आहे, आणि दुसऱ्याचं व्रत बोलून दाखवू नये. त्यांच्या घरी एकादशीला पाणीसुद्धा घेत नाहीत, त्यामुळे कुणी जेवत नाही म्हणजे आजारी आहे असं त्यांच्या मनातच येत नाही. ते तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार करत होते.

मग माझा राग गेला आणि मला भीती वाटली. तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या. दोन ब्लाऊज तुम्ही इथे आल्यावर आत घेतलेत. मंदारच्या वाढदिवसाला पुरणपोळीचा पहिला घास घेऊन तुम्ही उठलात, बेसिनपाशी बराच वेळ पाणी पीत उभ्या राहिलात, आणि मी म्हटलं, ठसका लागला वाटतं. चवीचा प्रश्न नव्हता, हो ना? घास खाली जात नव्हता.

केव्हापासून? मला खरं लिहा. मंदारला मी अजून काही सांगितलेलं नाही.

लोभ असेल तर उत्तर येईलच.

तुमची,
स्वरदा

*

कराड
३१ जानेवारी

चि. सौ. स्वरदा हिस,
अ. उ. आ.

तानी जेवली, देव पावला. आता बाकीचं लिहायला हरकत नाही.

गणपतीपासून घास अडकतो. आधी पोळीचा अडकायचा, मग भाजीचा, दिवाळीनंतर साध्या भाताचाही. छातीच्या मधोमध येऊन थांबतो, पाण्यानं ढकलावा लागतो, कधी उलटून पडतो. मऊ भात आणि ताक तेवढं जातं. तुझ्या हाताला चव नाही असं पुन्हा लिहू नकोस. तुझ्या फोडणीचा वास घरात सुटायचा तेव्हा मी पडल्या जागी उठून बसायची. दुपारी ताट उघडून आधी वास घ्यायची, वाटीतल्या आमटीचं वरचं पाणी चमच्यानं घ्यायची. मग ते सगळं कचऱ्यात लोटायला हात धजेना. पहाटे उठून कुणी रांधलेलं असं कसं टाकायचं? आणि पायरीवर ही बया उभी. ती जेवायची, मी बघायची. निदान एक तरी बाई पोटभर जेवते आहे. ती पोटुशी आहे हे लक्षात आलं तेव्हा तर मला बरंच वाटलं, चोरी वाटेनाशी झाली.

भाकरीचं मी खोटं सांगितलं. पोळी-आमटी असं लिहिलं असतं, तर तू लगेच ओळखलं असतंस. मला वाटलं, कुत्रीच ती, भूक लागली की दूध-भाकरी खाईल. तुझी बोटं भाजली आणि तिच्या बरगड्या निघाल्या, हे वाचलं तेव्हा माझी मला लाज वाटली.

का लपवलं, तेही सांगते. माझी थोरली बहीण, क्षमाची आई, अशीच ताक-भातावर आली होती. वर्ष काढलं नाही तिनं. तिला जे झालं होतं त्याचं नाव मला माझ्याबाबतीत ऐकायचं नव्हतं. तुमच्याकडे मी चार दिवस आनंदात घालवायला आले होते. दवाखाने दाखवायला नव्हे. तुमचं शोळिंगनल्लूरचं ऑफिस, जायला एक तास, यायला दीड. त्यात मला कुठे बसवता?

तेव्हा आता विचारू नकोस. माझं वय झालं, सगळं बघून झालं. मंदारला काही सांगायचं नाही, हे मी तुला मोठी म्हणून सांगते आहे. तानी सुटली की कळव, वाट बघते.

लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं, नाहीतर लिहिलं नसतं.

तुझी,
आई

*

वेलचेरी
३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आईंना,
सा. न. वि. वि.

तानी काल सकाळी पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे सुटली. पाच पिल्लं, तीन काळी, दोन आईला न विचारता तांबूस झालेली. सगळी धडधाकट, आणि दूध आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेवटचे आठ दिवस खाल्लं त्यानंच निभावलं. ती पिल्लांना सोडून उठेना, म्हणून ताट मी तिथेच नेलं. आडवी पडूनच खाल्लं तिनं, माझ्या हातून.

मंदारला मी सांगितलं. तुमचा शब्द मोडला, त्यावर जे बोलायचं ते समोर बोला. तो म्हणाला, आई आली तेव्हा बारीक वाटली होती, आणि तो तिला छान दिसतेस असं म्हणाला होता. ते त्याला आता सहन होत नाही.

क्षमाताईंनाही फोन केला. तुम्हाला वाटत असेल, त्यांच्या आईला झालं म्हणून त्यांना यात ओढू नये. त्या काय म्हणाल्या ते ऐका. त्यांच्या आईही कित्येक महिने परसातल्या पेरूखाली जेवण नेऊन टाकत होत्या, आणि घरात सगळ्यांना वाटत होतं, झाडाखाली निवांत जेवायला आवडतं. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आई गेली याच्यापेक्षा आईनं सांगितलं नाही, हे अजून जास्त दुखतं. आणि मावशीनं तेच करावं, याचा त्यांना राग आला आहे.

मलाही आला आहे. वय झालं, सगळं बघून झालं, असं तुम्ही लिहिता. तुमचं झालं असेल. मी तुम्हाला अजून एकदाही पोटभर जेवताना बघितलेलं नाही. तुम्ही न बोलल्यामुळे एका मुक्या जिवाचे तीन आठवडे उपाशी गेले, आणि शेवटी तिच्यासाठी तुम्ही पोस्टाच्या बाकावर बसून खरं लिहिलंत. आम्हाला तिच्याएवढं तरी समजा. आम्हीही दाराशीच बसलो आहोत.

क्षमाताई गुरुवारी तुम्हाला दवाखान्यात न्यायला येतील. तपासणी ठरेल त्या दिवशी आम्ही दोघं तिथे असू. नाही म्हणायचं असेल तर क्षमाताईंना तोंडावर म्हणा.

लोभ असू द्या, आणि या वेळी ऐका.

तुमची,
स्वरदा

*

कराड
७ फेब्रुवारी

चि. सौ. स्वरदा हिस,
अ. उ. आ.

क्षमाला तोंडावर नाही म्हणता आलं नाही. ती दारात आली, चपला न काढताच उभी राहिली, आणि तिचा चेहरा अगदी तिच्या आईसारखा दिसला. मी पदर सारखा केला आणि निघाले.

तेराला घशातून नळी घालून आत बघणार आहेत. आत काय असेल ते आधी सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. तरुण आहे, पण बोलताना माझ्याकडे बघून बोलतो, क्षमाकडे नाही, म्हणून बरा वाटला.

मी घाबरले आहे, स्वरदा. हे मंदारला नको सांगूस, तुला सांगते आहे. सगळं बघून झालं असं लिहिलं ते उसनं अवसान होतं. पाच पिल्लांचं वाचून मला ती बघावीशी वाटली. असं काही वाटायला लागलं की मग भीती वाटते.

या तुम्ही दोघं. तानीचं काय करणार, तेवढं बघून निघा. बाळंतीण आहे.

लोभ आहेच. लवकर या.

तुझी,
आई

*

वेलचेरी
१९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आईंना,
सा. न. वि. वि.

काल पोचलो. रिपोर्ट क्षमाताईंनी फोनवर पाठवला तेव्हा आम्ही घराचं कुलूप उघडत होतो. तुम्हाला त्यांनी सांगितलंच असेल, तरी मला माझ्या हातानं लिहायचं आहे. तपासायला काढलेल्या तुकड्यात काही वाईट नाही. वर्षानुवर्षांच्या आम्लपित्तानं अन्ननळी आक्रसली होती, ती ताणून मोकळी केली, कदाचित पुन्हा एकदा ताणावी लागेल, आणि गोळ्या चालू ठेवायच्या. बस्स, एवढंच. मंदारनं ते दोनदा वाचलं आणि जिन्यातच बसला. तानी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तो कुत्र्यांना भितो हे तुम्हाला माहीतच आहे, पण हललाही नाही.

आम्ही नव्हतो तेव्हा तिचं जयतीर्थरावांनी पाहिलं. आमटीचे डबे मी फ्रीजमध्ये ठेवून गेले होते. गरम करण्याआधी त्यांनी मला कराडला फोन करून विचारलं, कांदा-लसूण नाही ना. मी म्हटलं, नाही, आणि तुम्हाला कुठे खायची आहे? तर म्हणाले, गरम करायचं भांडं माझं आहे. ते तुमचं व्रत सुटलं असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी हात जोडले. मी काही दुरुस्त केलं नाही.

पिल्लांचे डोळे उघडलेत. एक डॉक्टरीणबाईंच्या ओळखीच्या घरी जाणार आहे, बाकीच्यांचं बघतो आहोत. तानीचं पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून घेऊ, दूध सुटल्यावर.

तुमच्याकडून निघायच्या सकाळी मी आमटी आणि मऊ भात करून ठेवला होता. तुम्ही तेव्हा झोपला होतात. गेला का घास? क्षमाताई बरं आहे, बरं आहे एवढंच सांगतात. मला नीट कळवा, आणि माझ्या मनासारखं नाही, खरं कळवा.

लोभ वाढतोच आहे.

तुमची,
स्वरदा

*

कराड
२३ फेब्रुवारी

चि. सौ. स्वरदा हिस,
अ. उ. आ.

खरं कळवते.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी दुपारपर्यंत जेवले नाही. भूक होती, पण नुसतं बघत बसले. क्षमा शाळेतून आली आणि तिनं ताट पुढे ठेवलं. पहिला घास मी चावून चावून पाणी केला, कारण तो थांबणार याची सवय झालेली. तो थांबला नाही. मी दुसरा घेतला. तोही गेला. मग मला रडू आलं आणि क्षमा घाबरली, दुखतंय का विचारू लागली. मी तिला म्हटलं, दुखत नाही, जेवते आहे. तिनं तोंड फिरवलं आणि पाण्याचा तांब्या उगाच भरून आणला. तिच्या आईची आठवण आली असणार, मलाही आली.

सगळा भात संपवला. संध्याकाळी तूप लावून अर्धी पोळी खाल्ली, कुस्करून नव्हे, तोडून. काल एक अख्खी. डॉक्टर म्हणतो, घाई नको, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. तुझ्या डॉक्टरीणबाईंचं आणि याचं शिक्षण एकाच ठिकाणी झालं असावं.

पुढच्या महिन्यात येईन. मंदारला तिकीट काढायला सांग, खालचा बर्थ.

आता एक सांगते. तीन महिने तुझी आमटी मी वासावर आणि चमचाभर पाण्यावर ओळखत होते. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले, तेव्हा कळलं. गूळ जास्त होतो, बाई. तोंडाला गुळमट लागते, चिंचेचा पत्ता नाही. इतके दिवस तानीनं तुला सांगितलं नाही आणि मला सांगायची सोय नव्हती. मी येईन तेव्हा गूळ निम्मा घाल, चिंच थोडी वाढव. तानीला ती नाही आवडली, तर तिच्यापुरती वेगळी कर.

लोभ असू दे, आणि या पत्राचा राग आला तर मला बरंच वाटेल.

तुझी,
आई